श्रावणात मुरवलेली अंडी

पांढराबोडीतल्या आमच्या ओळीत श्रावण कोणी पाळत नसे. बाबांनी माझ्या जन्माच्या आधीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि उपासतापास, सोमवार-शनिवार सगळे त्याच दिवशी घराबाहेर ठेवले होते. पण बाकीच्या गावाला श्रावण असायचा ना! महिनाभर गोकुळपेठ बाजारातल्या मच्छीच्या ओट्यांवर शुकशुकाट. आणि मच्छीचंही असं, की नेमकी याच दिवसांत पोटात अंडी घेऊन फिरते. रोहू घ्या, कतला घ्या, पोट चिरलं की आत पिवळट-केशरी अंड्यांच्या दोन लांबट पिशव्या, हाताला गार आणि जड. सगुणाबाई म्हणून एक मच्छीवाली होती, पायाने अधू आणि तोंडाने तेज. ती या पिशव्या आमच्यासाठी वेगळ्या काढून पळसाच्या पानात गुंडाळून ठेवायची. "घेऊन जाय वं पोट्टे, या महिन्यात कोणी ढुंकून नाही पाहात," म्हणायची. लोक त्या अंड्यांची भाजी करतात, तळून खातात, ते मला ठाऊक होतं. आमच्या घरी मात्र ती खायला कधी उरलीच नाहीत. त्यांचा चारा व्हायचा, माझ्या दादाच्या गळाचा.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. नाव मधुकर, पण मी त्याला दादाशिवाय कधी काही म्हटलं नाही. आमच्या मधली दोन लेकरं गेली, म्हणून घरात पोरं म्हणजे आम्ही दोघंच. बाबा कापडाच्या मिलमध्ये पाळीवर. ते घरी असायचे तेव्हा झोपलेले असायचे आणि जागे असायचे तेव्हा घरी नसायचे. माय दवाखान्यात आया होती. सकाळी भाकरी थापून, ताटलीत जवसाची चटणी झाकून ती निघायची, ते दिवेलागणीलाच परत. मी शाळेतून यायचे, कुलूप काढायचे, ताटली उघडायचे, खायचे, ताटली धुवायचे. घरात आवाज म्हणाल तर रांजणातून खालच्या भांड्यात ठिबकणाऱ्या पाण्याचा, शेजारच्या रेडिओचा आणि लांबून येणाऱ्या मिलच्या भोंग्याचा. मी पुस्तकातले धडे मोठ्याने वाचायचे. शेजारणी मायला म्हणायच्या, पोट्टी हुशार हाय बापा, दिवसभर अभ्यास करते. अभ्यास कसला डोंबलाचा! घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून मी वाचायचे.

शाळेतही माझं कोणाशी फारसं जमलं नाही. एक तर मी अबोल, त्यात माझ्या हातांना मच्छीचा वास. शेजारी बसणारी मुलगी नाकाला ओढणी लावून बाकाच्या त्या टोकाला सरकायची. तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा, वास यायचाच. आणि तो घालवायचा इलाजही नव्हता, कारण चाऱ्याच्या हाताला साबण लावायचा नाही हा दादाचा पहिला कायदा. साबणाचा वास पाण्यात उतरला की मच्छी गळाकडे फिरकत नाही, असं तो शपथेवर सांगायचा. साबण नाही, खोबरेल नाही, पावडर तर नाहीच. हात धुवायचे ते राखेने नाहीतर बेसनाने. बाबा तंबाखू मळायचे म्हणून त्यांना तर चाऱ्याच्या बरणीच्या जवळपास फिरायचीही बंदी होती. गंमत म्हणजे बाबा ती पाळायचे.

घरात दादा माझ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, मोठा भाऊ लहान बहिणीशी काय बोलणार? "पाणी दे", "सरक", "माहा शर्ट कुठं हाय" एवढंच. पण रविवारी दुपारी फुटाळा तळ्याच्या काठावर तो दुसराच माणूस व्हायचा. मला सायकलच्या डंड्यावर बसवून न्यायचा, बाभळीच्या सावलीत गोणपाट टाकायचा, आणि एकदा गळ पाण्यात पडला की त्याचं तोंड सुरू. हळू आवाजात, पाण्यावरची नजर न काढता. कारखान्यात लागायचंय, मुंबई पाहायचीय, अमक्या मित्राने फसवलं, तमकी मुलगी बरी वाटते, सगळं. मी मागे बसून अंड्यांचे सुपारीएवढे तुकडे जुन्या मलमलीच्या चिंधीत बांधून द्यायचे. चिंधी एवढी विरलेली हवी, की अंड्यांचा रस पाण्यात झिरपला पाहिजे आणि अंडी सुटली नाही पाहिजेत. गाठ दातांनी ओढायची. तोंडात मीठ यायचं. गळाच्या दोरीला बांधलेला मोरपिसाचा देठ पाण्यावर उभा तरंगत असायचा; तो एकदम आडवा झाला की दादा बोलता बोलता थांबायचा आणि मीही श्वास धरून बसायचे. मरळ लागली तर दिवाळीच. नाही लागली तरी माझी काही तक्रार नसायची. आठवड्यात कोणीतरी माझ्याशी बोलायचं ते तेवढंच, हे मला तेव्हाही नीट कळत होतं.

एकच रुखरुख होती. गळाची छडी त्याने मला कधी धरू दिली नाही. मागितली की म्हणायचा, "पोट्टी गळ धरून बसली तर सारा फुटाळा पाहाले येईन वं." आणि स्वतःच हसायचा.

आता ती अंडी मुरवायची कशी, हे सांगायलाच हवं, कारण या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्यातच आहे. पिशव्या फोडायच्या नाहीत. मिठाच्या पाण्यातून हळुवार काढायच्या, त्यांवरच्या रक्ताच्या शिरा सुईने टोचून बोटाने निपटायच्या. रक्त राहिलं की सडलं. मग कोयत्याने नाही, दोऱ्याने तुकडे करायचे. परातीखाली एका बाजूला खापर ठेवून ती तिरपी करायची, तुकड्यांना मीठ चोळायचं, आणि पाणी सुटून उताराला जमत जाईल ते ओतून द्यायचं. मीठ कमी पडलं तर किडे, जास्त झालं तर अंड्यांच्या गोट्या होतात, आणि गोट्या मच्छीही खात नाही. त्यानंतर सावलीत सुपावर पसरून, वर पातळ फडकं घालून दोन दिवस, उन्हात बिलकूल नाही. माशा, मुंग्या, कावळे, शेजारची मांजर, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. तुकडा बोटाने दाबला तर दबला पाहिजे पण बोटाला चिकटला नाही पाहिजे, की झालं. मग हळद, भाजलेल्या मेथीची पूड, आणि वाळलेली मोहफुलं कुटून. ही मोहफुलं म्हणजे दादाची खासियत. बाकीचे लोक कणकेच्या गोळ्या आणि गांडुळं घेऊन बसायचे. मोहफुलांचा गोडसर वास दादाच्याच चाऱ्याला. कुठून शिकलास विचारलं तर "हे माहं डोकं" म्हणून कपाळावर टिचकी मारायचा. शेवटी चिनी मातीच्या बरणीत थर दाबून भरायचे, मध्ये हवा राहू द्यायची नाही, आणि वर बोटभर जवसाचं तेल. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती खाटेखाली, अंधारात. अशी बरणी होळीपर्यंत टिकायची.

मी तेराव्या वर्षात होते तेव्हा उन्हाळ्यात दादाला भिलाईकडे कारखान्यात नोकरी लागली. चार दिवसांत पेटी भरून गेलासुद्धा. मायने रडून घेतलं, बाबांनी ओळीत पेढे वाटले. मी सायकलकडे बघत राहिले. ती सायकल बाबांनी भिंतीला टेकवून ठेवली, तिच्या चाकातली हवा हळूहळू गेली, आणि कोणी भरली नाही. रविवारची दुपार इतकी लांब असू शकते हे मला पहिल्यांदा कळलं. मी एकदा एकटी चालत तळ्यावर जाऊन आले. बाभळीखाली दुसरंच कोणी बसलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी परत फिरले.

पहिल्या महिन्यात दादाची दोन कार्डं आली. तिथल्या भट्टीची धग, मेसमधली पातळ डाळ, खोलीतले तीन सोबती. आषाढात आलेलं तिसरं कार्ड छोटं होतं, पण त्यात शेवटची ओळ माझ्यासाठी होती. मी ती इतक्या वेळा वाचली की आजही डोळ्यांपुढे अक्षरं येतात. "शालूला सांगा, दसऱ्याला येतो, चारा तयार ठेव. या टायमाले गळ तुह्या हाती." बस. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. दसऱ्याला दादा येणार, आम्ही तळ्यावर जाणार, तो बोलणार आणि छडी माझ्या हातात असणार. तिथून पुढचे तीन महिने मी दुसरा कसलाच विचार केला नाही, हे मी जरासुद्धा फुगवून सांगत नाही.

श्रावण लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगुणाबाईकडून अंडी आणली. पहिला घाणा साफ बिघडला. आभाळ चार दिवस उघडलंच नाही, सुपावरची अंडी ओलीच राहिली, आणि मी घाई करून तशीच भरली. पाचव्या दिवशी बरणीचं फडकं सोडलं तर आत वळवळ. मायला वास आला. "फेकून दे वं ते बाहेर! भाऊ गेला तिकडं, आन् हे काहून करून राहिली तू?" मी बरणी उचलून बाहेर गेले. नालीच्या कडेला खड्डा करून सगळं पुरलं, बरणी राखेने तीनदा घासली, आणि पुन्हा बाजारात गेले. सगुणाबाईने माझं तोंड पाहूनच ओळखलं. "सडले ना? बरसातीचं सावलीत नाही वाळत ते. चुलीपासून हातभर दूर ठेव, धुवा लागू दे थोडा, जाळ नको लागू देऊ." मग म्हणाली, "तुहा दादा नाही ना इथं आता? मंग कोणासाठी करून राहिली?" मी म्हटलं, "येणार हाय तो." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि सगळ्यांत मोठ्या रोहूच्या पिशव्या काढून दिल्या.

दुसरा घाणा मी चुलीजवळ बसून वाळवला. शाळा दोन दिवस बुडवली, पोट दुखतं सांगून. दर तासाला तुकडे उलटायचे. हाताला चटका बसला, डोळ्यांत धूर गेला, आणि तरी सांगते, त्या वर्षातले ते दोन दिवस माझे सगळ्यांत चांगले गेले. करण्यासारखं काहीतरी होतं आणि ते कोणासाठी तरी होतं. तिसऱ्या दिवशी तुकडा दाबून पाहिला तर दबला आणि चिकटला नाही. मी घरात एकटीच असताना मोठ्याने "जमलं!" असं ओरडले. मेथी भाजली, मोहफुलं कुटली, थर भरले, तेल ओतलं. दर रविवारी, आम्ही तळ्यावर जायचो त्याच वेळेला, मी खाटेखालून बरणी ओढून फडकं सोडायचे. तेल खाली गेलं असेल तर वर थोडं घालायचे. वास घ्यायचे. भादवा गेला, अश्विनातला उकाडा सुरू झाला, अंडी काळपट तांबडी आणि चकचकीत झाली. दादाच्या हातची अशी कधी झाली नव्हती. अभिमानाने सांगते, झाली नव्हती. हातांना मात्र साबण लावला नाही, दसऱ्यापर्यंत एकदाही नाही. बाकावरची ती मुलगी शेवटी दुसऱ्या बाकावर गेली आणि मी एकटी बसू लागले. बसू दे. मला दसऱ्याची वाट होती.

हल्ली माझी नात मला फुटाळ्याला घेऊन जाते. कारंजी, दिवे, भाजलेली कणसं, फोटो काढणारी पोरं-पोरी, गाड्यांना जागा नाही. ती म्हणते, आजी, इथे तुम्ही लहानपणी काय करायचे? मी म्हणते, बसायचो. तिला ते खोटं वाटतं. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज जोडून देण्यात गेली माझी. गर्दीचा मला कंटाळा नाही. पण त्या काठावर गेलं की माझी नजर गर्दीवरून घसरून पाण्यावर जाते आणि तिथेच राहते.

दसऱ्याला आमचं घर म्हणजे धर्मशाळा. दीक्षाभूमीला येणारे नरखेडकडचे सगळे पाहुणे आमच्या दोन खोल्यांत. त्या वर्षी दहा माणसं होती, त्यांत पारबतामावशी, मायची मोठी बहीण. मावशी आली की चूल तिच्या ताब्यात. कोणी काही म्हणायच्या आत पदर खोचून पीठ मळायला बसायची. मोठ्या मनाची बाई, आवाज असा की रस्त्यावर ऐकू जावा. दादा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. वाळला होता, काळा पडला होता, हातावर भाजल्याचे डाग. हातात घड्याळ होतं आणि मधूनमधून हिंदी बोलत होता. मायने मीठमोहरी न ओवाळताच त्याला पोटाशी धरलं. मी दारात उभी होते. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पिशवीतून वासाच्या साबणाची डबी काढून दिली. "घे वं शाले. तुह्या हाताले मच्छीचा वास येते म्हणून रडत होती ना?" मी डबी घेतली. उघडली नाही. मनात म्हटलं, परवा उघडीन, तळ्यावरून आल्यावर.

दसऱ्याचा दिवस गर्दीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधार जाताच उठले. गळाला नेण्याआधी बरणी दोन घटका उन्हात ठेवायची असते. तेल सैल होतं, अंडी मोकळी निघतात, आणि मोहाचा वास वर येतो. मी बरणी अंगणातल्या ठेंगण्या भिंतीवर ठेवली. दादा बाबांबरोबर इंदोऱ्याला पाहुण्यांकडे निघाला होता, बुटाची नाडी बांधत होता. मी म्हटलं, "दादा, दुपारी?" तो मान न उचलता म्हणाला, "हाव हाव." झालं तर मग! मी कोंड्याचे गोळे ओढणीत घेतले आणि तळ्यावर पळाले. दुपारी बसायचं असेल तर सकाळी त्या जागी कोंडा टाकून मच्छी जमवावी लागते, हे काम पूर्वी दादा करायचा. बाभळीखाली कोणी नव्हतं. मी गोळे टाकले, पाण्यावर बुडबुडे येतात का ते बघत बसले. आले. एका जागी चांगले सुपाएवढ्या घेरात आले. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. आधीच ठरवून टाकलं, छडी धरायची कशी, झटका कधी मारायचा.

परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भिंतीवर बरणी होती, पण पालथी. राखेने घासून लख्ख केलेली, उन्हात निथळायला ठेवलेली.

मी आत गेले. माय दवाखान्यात होती, तिला सुट्टी नव्हती. मावशी चुलीपुढे घामाने डबडबून बसली होती आणि कढईत कांदा, तिखट, बेसन घालून परतलेली अंडी वाफा सोडत होती. "कुठं उंडगत होती वं?" मावशी म्हणाली. "बरं झालं मी पाहिलं. तुह्या मायनं मच्छीची अंडी अशी बढिया मुरवून ठेवली, आन् उन्हात टाकून चालली गेली! खारट होती जराशी, मंग बेसन लावलं. तेलही बरणीतलंच घेतलं, वाया काहून घालवाचं?" मी कढईकडे पाहिलं. सगळी होती. तळाची, मी सगळ्यांत आधी भरलेली, तीसुद्धा. मावशीला काय दोष देणार? खेड्यावरून आलेली बाई. तिच्या घरी मुरवलेली मच्छी म्हणजे पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली चीज. माणसाच्या तोंडचं कोणी गळाला लावत असेल, हे तिच्या डोक्यात येणार तरी कसं? आणि तिने ती पाहुण्यांनाच तर खाऊ घातली. बरणी बाहेर काढून ठेवली ती मीच.

तेवढ्यात दादा आणि बाबा आले. ताटं मांडली गेली, माणसं ओळीने बसली. मी भाकरी वाढत होते. मला अजूनही एक वेडी आशा होती, की चारा नसला तर नसू दे, कणकेच्या गोळ्या करू, गांडुळं काढू, मच्छी तर जमली आहे. फक्त याने म्हणायला हवं, चाल शाले. दादाने भाकरीचा तुकडा मोडला, अंड्यांबरोबर तोंडात घातला आणि चावता चावता थांबला. मला वाटलं, ओळखलं. मोहाच्या वासावरून ओळखलं. माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"मावशी," दादा म्हणाला, "का चीज केली वं तू! गोडसर लागते न्. अशी अंडी मी जिंदगीत नाही खाल्ली."

"घे ना गा, अजून घे," मावशी फुलून गेली.

त्याने घेतली. दोनदा घेतली. सगळ्यांनीच घेतली, बाबांनीही मान डोलवली. मग पाणी पिऊन दादा बाबांना म्हणाला, "पाचची गाडी हाय. साडेचारले निघा लागन. उद्या सकाळची ड्युटी हाय." बाबा म्हणाले, "हो, निघावं वेळेवर." आणि मला तेव्हा समजलं की सकाळचं ते "हाव हाव" कशालाही नव्हतं. मी काय विचारलं हे त्याने ऐकलंच नव्हतं.

मी सांगू शकले असते. "दादा, तो चारा होता," एवढे चार शब्द. सगळे हसले असते, मावशी ओशाळली असती, एखाद्याने अंगणात जाऊन चूळ भरली असती. त्याची मला भीती नव्हती. भीती दुसरीच होती. मी सांगितलं असतं, आणि दादा "अरे बापा, हो का!" म्हणून हसला असता, आणि पुन्हा तोंडात घास घातला असता, तर? मग मी कुठे गेले असते? त्यापेक्षा न बोलणं बरं वाटलं. तेराव्या वर्षी मला एवढा राग यायला हवा होता की कढई उलथून टाकावी. राग आला नाही. फक्त असं वाटलं, की या घरात आता खरोखरच कोणी नाही, आणि घरात तर बारा माणसं होती.

निघताना दादा म्हणाला, "शाले, उरलं असन तर डब्यात दे ना. गाडीत खाईन." मी कढई खरवडली. बेसनाची खरपूड, तेल, शेवटचे पाच-सहा तुकडे, सगळं डब्यात भरलं, वरून दोन भाकरी ठेवल्या, आणि डबा फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत उभा ठेवला, तेल सांडू नये म्हणून. त्याने पुन्हा टपली मारली. रिक्षा वळेपर्यंत मी दारात होते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या साबणाने हात धुतले. वास गेला, लगेच गेला. त्यानंतर मी अंडी आणायला सगुणाबाईकडे गेले नाही. पुढल्या श्रावणात तिने एकदा हाक मारली, मी ऐकलं नाही असं केलं. या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते.

दादा वाईट नव्हता, हे मला लिहून ठेवायचंय. पुढे त्याने माझ्या कॉलेजसाठी पैसे पाठवले, माझ्या लग्नात आठ दिवस राबला, बाबांच्या आजारपणात रजा काढून उशाशी बसला. तळ्यावर मात्र आम्ही पुन्हा कधी गेलो नाही. तो विषयच निघाला नाही. आधी त्याने काढला नाही, मग मीही काढला नाही, आणि मग काढण्यासारखा राहिला नाही. आता तो रायपूरला मुलाकडे असतो. गुडघे गेले, वहिनी गेल्या. दर रविवारी फोन करतो. दोघंही एकटे, त्यामुळे बोलणं लांबतं. औषधं, जेवण, कोण गेलं, कोण आजारी आहे.

गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "शाले, पारबतामावशीनं एकदा दसऱ्याले मच्छीची अंडी केली होती, आठवते का तुले? मी डब्यात नेली होती. सुनेले म्हणलं तशी कर, तर तिले काही जमत नाही. मावशीनं तुले सांगितलं असन ना कशी केली होती ते?"

मी खिडकीशी उभी होते. खाली कोणाचं तरी पोर सायकल शिकत होतं. पन्नासच्या वर वर्षं झाली या गोष्टीला, मी मनाशी म्हटलं, आता काय होणार आहे? आणि मी सांगून टाकलं. "दादा, ती मावशीची नव्हती गा. तो चारा होता. तू येणार म्हणून मी मुरवला होता, तुह्या गळासाठी."

मग दादा हसला. म्हाताऱ्या माणसाचं, मायेचं हसू.

"काही पण सांगते बावा तू," तो म्हणाला. "तुले कुठं येत होता वं चारा कराले? चारा तर मीच करत होतो."

"हाव गा दादा," मी म्हटलं. "तूच करत होता."